स्पिनेकर (मागून वारा असताना पुढे लावायचं मोठं फुगीर शीड) उतरवताना दर वेळी पाण्यात का पडतो? (जे/२४ ही शर्यतीची शिडाची बोट, पाच जणांचा क्रू)

शिडाचा खालचा काठ हातात यायच्या आधीच तुमचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, सुटतोय, म्हणून. मुंबई बंदरात जे/२४ वर मी बरेच मोसम पुढच्या डेकवर काम केलंय आणि नव्या क्रूची हीच चूक सगळ्यात जास्त पाहिलीय. आधी जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, पूर्ण वर चढवा. मग एकाने जिबच्या मागून, बूमखालून (मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा) वाऱ्याआडच्या बाजूची शीट, म्हणजे स्पिनेकरचा कोपरा ओढायची दोरी, पकडायची. पोलकडची (स्पिनेकरचा दुसरा कोपरा बाहेर धरणारा दांडा) दोरी सैल सोडली की स्पिनेकर मेनसेलच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या, आडोशाला येतो आणि त्यातला वारा निघून जातो. आता खालचा काठ भराभर ओढून छातीशी कवटाळायचा, आणि तो कवटाळणाऱ्यानेच ‘सोड!’ म्हणून ओरडायचं. हॅलयार्डवाल्याने स्वतःच्या अंदाजाने सोडायचं नाही, हे फार महत्त्वाचं. सोडताना दोरीला विंचवर (दोरी गुंडाळून ओढायचा ढोल) एक वेढा ठेवा. पहिला भाग झरझर, उरलेला ओढणाऱ्याच्या हाताच्या वेगाने. मात्र वारा १५ नॉटच्या वर असेल, तर मार्कच्या (शर्यतीत वळायची खूण) पाचसहा बोटींच्या लांबीइतकं आधीच सुरुवात करा, चार सेकंद गेले तरी चालतील. आणि शीड पाण्यात पडलंच, तर एकच कोपरा धरून ओढा. दोन धरलेत तर त्याची पाण्याने भरलेली झोळी होते.