पॅचजवळ फुगवटा: छाती उघडायची की जांघेतून जायचं?

प्रश्न : धाकट्या भावाचं वय ३८. महाधमनी जन्मतःच अरुंद होती, म्हणून सातव्या वर्षी डेक्रॉनचा (कृत्रिम कापडाचा) पॅच लावून ती रुंद केली. आता सीटीत पॅचजवळ ६ सेंमीचा फुगवटा निघालाय. आवाज घोगरा झालाय, डाव्या मनगटाची नाडी जेमतेम लागते. डॉक्टर जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) घालू म्हणतात. टिकेल का? तालीम चालू ठेवावी का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तालीम आजच बंद. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो.

डेक्रॉन ताठ असतं. प्रत्येक ठोक्याचा ताण समोरच्या मूळ भिंतीवर येतो आणि ती पातळ होत जाते. स्वरयंत्राची डावी नस महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते. फुगवटा तिला दाबत असावा. ६ सेंमीला वाट पाहू नये.

डाव्या हाताची धमनी तिथूनच निघते. जुन्या ऑपरेशनमध्ये ती अरुंद झाली असेल किंवा दुरुस्तीसाठीच वापरली असेल. म्हणून बीपी कायम उजव्या हातात मोजा. डाव्यात १२० दिसताना उजव्यात १६० असू शकतं! जुन्या ऑपरेशनचा कागद मिळवाच.

पुन्हा छाती उघडायची तर फुप्फुस फुगवट्याला चिकटलेलं असतं, रक्तस्राव आवरणं कठीण जातं. त्यामुळे शरीररचना जुळत असेल तर ग्राफ्टचा सल्ला योग्यच आहे. मात्र फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना साधारण २ सेंमी निरोगी भिंत हवी. ग्राफ्ट १० ते २० टक्के मोठा घेतात, म्हणजे २२ मिमीच्या धमनीला २४ ते २६ मिमीचा. तो मिटवून आत नेणारी नळी ७-८ मिमी जाडीची असते, तेव्हा जांघेची धमनी तेवढी रुंद आहे का, हेही सीटीत मोजून घेतात.

वरच्या बाजूला जागा कमी पडली तर डाव्या हाताच्या धमनीचं तोंड झाकावं लागतं. आधी मानेतून त्या धमनीला बायपास (रक्ताची पर्यायी वाट) करणार का, हे स्पष्ट विचारा. तिची एक फांदी मेंदूकडे जाते, मज्जारज्जूलाही तिचा आधार असतो. शस्त्रक्रियेनंतर पाय लुळे वाटले तर तत्काळ सांगा. रक्तदाब वाढवून, पाठीतून मज्जाद्रव काढून बऱ्याचदा सावरता येतं.

अशा रुग्णांची कमान बहुधा तीव्र वळणाची असते. ग्राफ्टचा काठ आतल्या वळणाला नीट बसला नाही तर खालून रक्त शिरतं आणि फुगवटा वाढतच राहतो. टिकण्याचा प्रश्न इथे आहे. म्हणून सीटी महिन्याने, मग सहसा सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी, जन्मभर. महाधमनीची झडप दोनच पाकळ्यांची आहे का, हे इकोत बघून घ्या. या आजारात ते बरंच आढळतं.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही प्रक्रिया बसते का, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

खोकल्यातून थेंबभर जरी रक्त आलं तरी टीबी समजून थांबू नका. फुगवटा श्वासनलिकेत फुटण्याची ती सूचना असू शकते. त्याच दिवशी हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात न्या.