लॉन ट्रॅक्टर निळा धूर सोडतोय, ऑइल खातोय. दुकानदार म्हणतो हेड गॅस्केट उडालं, इंजिनिअर नातेवाईक म्हणतात रिंगा गेल्या, इंजिनच बदला. गॅस्केट घरी बदलता येतं का?

येतं. (हेड म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधली सील, रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या.) हे उत्तर खरं तर मी तुमच्या त्या इंजिनिअर नातेवाइकांसाठी लिहितोय, कारण तसले एक मलाही आहेत.

मी इंडियानात, कोलंबस गावाच्या जरा बाहेर राहतो. कमिन्स या डिझेल इंजिनांच्या कंपनीमुळे इथे पुण्याची माणसं पुष्कळ, आणि चार जण जमले की त्यातल्या तिघांना इंजिनातलं सगळं कळतं. घराभोवती दोन एकर गवत आहे, त्यामुळे उन्हाळ्यात गवत कापायच्या या ट्रॅक्टरशिवाय भागत नाही. एक सिलेंडर, उभा क्रँकशाफ्ट, ओव्हरहेड व्हॉल्व्ह. तुमचंही बहुधा तसलंच असणार, दुकानातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तेच असतं.

मागे एकदा ऐन मे महिन्यात त्याने धूर सोडायला सुरुवात केली. असा दाट, की शेजारी कुंपणापर्यंत येऊन बघून गेला. एअर फिल्टर काढला तर ऑइलने निथळत होता. त्याच रविवारी साडू जेवायला आले होते. वयाने मोठे, उभं आयुष्य डिझेल इंजिनात गेलेलं. आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. हात धुवायच्या आधी त्यांनी गाडीतून कम्प्रेशन गेज (सिलेंडरमधला दाब मोजायचा) आणला, स्पार्क प्लगच्या जागी बसवला, मला किल्ली फिरवायला लावली आणि काटा दाखवला. "रिंगा संपल्या. याच्यात वेळ घालवू नकोस, नवीन इंजिन टाक." बायको म्हणाली, "भाऊजी सांगतायत तर ऐका की." जेवणं झाली, आमरस झाला, विषय मिटला.

माझ्या डोक्यात मात्र मिटला नव्हता. या इंजिनांच्या कॅमशाफ्टवर कम्प्रेशन रिलीज असतो. स्टार्ट करताना स्टार्टरवर लोड येऊ नये म्हणून तो एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो. म्हणजे किल्ली फिरवत असताना गेज कमी दाखवणारच, इंजिन नवं कोरं असलं तरी. ट्रकच्या इंजिनात असली भानगड नसते, त्यामुळे तिथला तज्ज्ञ इथे हमखास फसतो. (जाता जाता: टॅपेट सैल झाले, म्हणजे व्हॉल्व्हची फट वाढली, की हाच रिलीज काम करेनासा होतो आणि इंजिन अर्धा फेरा मारून अडतं. लोक बॅटऱ्या बदलत बसतात.)

खरी तपासणी लीक-डाऊनची. पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून फुसफुसते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. माझी आली डिपस्टिकच्या, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीच्या, नळीतून. आणि इथेच खरी मेख आहे. डिपस्टिकमधून हवा येणं म्हणजे रिंगाही असू शकतात आणि गॅस्केटही. या हेडमध्ये सिलेंडरचं भोक आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दांड्यांची) पोकळी यांच्यामध्ये गॅस्केटची अगदी अरुंद पट्टी असते. ती जळाली की स्फोटाचा गॅस थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या पेटीत, उतरतो, आत दाब वाढतो, ब्रीदरमधून (त्या पेटीतली हवा बाहेर जायच्या वाटेने) ऑइल वर ढकललं जातं आणि कार्ब्युरेटरवाटे इंजिनच ते पितं. लक्षणं तंतोतंत रिंगा गेल्यासारखी. बाहेरून छातीठोकपणे सांगणारा माणूस अंदाज मारत असतो, मग त्याच्या कार्डावर काहीही छापलेलं असो.

आमचं गाव मिरजेजवळ. नदीवर डिझेल पंप होता, त्याचा फिटर आधी हेड उतरवायचा आणि मग तोंड उघडायचा. मीही तेच केलं. हेड वर आलं आणि गॅस्केटवर त्याच अरुंद पट्टीवर आरपार गेलेला काळा फराटा दिसला, कडेचा पत्रा कुरतडल्यासारखा खाल्लेला. सिलेंडरच्या भिंतीवर मात्र होनिंगच्या (सिलेंडर बनवताना मुद्दाम घासलेल्या) तिरक्या रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या. रिंगा ठणठणीत. फोटो काढून साडूंना पाठवला. उत्तर आलं, "लकी आहेस." एवढंच. अजूनही कुठे विषय निघाला की ते सांगतात, "मी म्हणालोच होतो, आधी हेड उघडून बघ."

तुमच्या कामाचं आता. गॅस्केट बाहेर जेवायला गेल्यावर होणाऱ्या बिलापेक्षा स्वस्त मिळतं, इंजिन शेकडो डॉलरांत जातं. रिंगा बघायच्या तरी हेड उतरवावंच लागतं. मग आधी इंजिनाची ऑर्डर देण्यात कसला शहाणपणा? पुशरॉड काढताना कुठला कुठून निघाला त्याची खूण करा, दोन्ही सारखे नसतात. जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमला ओरखडा पडू देऊ नका. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या तर लांबच ठेवा. हेड वाकलंय का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) बघा. जरासं असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी 8 च्या आकड्यासारखं फिरवत घासा, सगळीकडे एकसारखी चकाकी येईपर्यंत. नवीन गॅस्केट कोरडंच बसवायचं, वर सिलिकॉन फासायचं नाही. गावचा फिटर तांब्याचं गॅस्केट लाल तापवून, पाण्यात विझवून परत वापरायचा. ते तांब्याचं होतं म्हणून. हे एकदा दबलं की संपलं.

बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा. माझ्या मॅन्युअलमध्ये 220 इंच-पाउंड होतं, म्हणजे साधारण 25 न्यूटन-मीटर. इंच-पाउंड, फूट-पाउंड नाही. हा घोळ केला तर आटे हातात येतील. त्यानंतर टॅपेट: पिस्टन टोकापासून पाव इंच खाली उतरवून सेट करायचे, नाहीतर तोच कम्प्रेशन रिलीज मध्ये येतो. ऑइल आणि फिल्टर नवीन. स्टार्ट केल्यावर पहिली काही मिनिटं धूर येईलच, सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळत असतं. घाबरून परत हेड खोलू नका.

आणि गॅस्केट मुळात का उडालं, हे तुमच्या दुकानदाराने सांगितलं नसेल. फ्लायव्हीलवरचं कव्हर काढा. खाली सिलेंडरच्या फिन्स वाळक्या गवताने बुजलेल्या असतील, थंडीत ट्रॅक्टर उभा असताना उंदराने घरटं केलेलं असेल तर आणखीच. हवा लागत नाही, हेड तापतं, पट्टी जळते. हे साफ न करता नवीन गॅस्केट घालणं म्हणजे पैसे आणि रविवार दोन्ही पाण्यात. मी आता दर वसंतात कव्हर उतरवतो. साडूंचा ट्रॅक्टरही मीच साफ करून देतो.

हे सगळं एक सिलेंडरच्या इंजिनाचं. दोन सिलेंडरचं असेल तर दोन्ही हेड तपासा आणि टॉर्कचा आकडा त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या. हेड उघडल्यावर सिलेंडरला नखात अडकतील अशा उभ्या रेघा दिसल्या, तर गॅस्केट बदलून काही होणार नाही; मग नातेवाइकांचं ऐका. आणि लीक-डाऊन करताना प्लगची वायर बाजूला बांधा, ब्लेडचा क्लच बंद, म्हणजे ब्लेड इंजिनापासून सुटं, असू द्या. हवेच्या दाबाने पिस्टन खाली जातो तेव्हा क्रँकशाफ्ट झटक्यात फिरतो, त्यामुळे फ्लायव्हीलजवळ बोटं नकोत.