किंडरडाइकची पवनचक्की आतून पाहावी का?

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून अर्ध्या दिवसासाठी आईवडिलांना घेऊन जवळच्या किंडरडाइक या पवनचक्क्यांच्या गावी जायचे असेल, तर तिकीट काढून पवनचक्कीच्या आतले संग्रहालय पाहावे, की बांधावरून फिरून छायाचित्रे काढली तरी पुरे, असे आपण विचारले आहे. आत जावेच, असे माझे मत आहे. मात्र त्याआधी दहा मिनिटे बांधावर थांबून नुसते पाणी पाहावे. ही वाट सर्वांना विनामूल्य खुली आहे.

सगळ्यांचे लक्ष पात्यांकडे असते, पण या जागेचा अर्थ पाण्याच्या पातळ्यांत आहे. किंडरडाइक ज्यात येते तो आल्ब्लासरवार्ड हा सखल, दलदली मातीचा प्रदेश असून अशा मातीतून पाणी काढले की ती आक्रसते आणि जमीन आणखी खचते. पूर्वी शेजारच्या लेक नावाच्या नदीला ओहोटी असताना दारे उघडून पाणी सोडले की भागत असे. पुढे जमीन खाली गेली, नदीची पातळी वर आली आणि तो उपाय अपुरा पडू लागला. म्हणून या प्रदेशाच्या दोन भागांचे पाणी काढण्यासाठी 1738 मध्ये नेडरवार्ड भागाच्या आठ गोल, विटांच्या आणि 1740 मध्ये ओव्हरवार्ड भागाच्या आठ अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. खालच्या कालव्यातले पाणी वरच्या साठवणीत चढवायचे आणि लेक नदी उतरली की तिच्यात सोडायचे, एवढेच त्यांचे काम. आज येथे एकूण 19 पवनचक्क्या असून 1997 पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. येथे दळण कधीच होत नव्हते, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, कारण आपल्याकडे चक्की म्हटले की पीठच डोळ्यांपुढे येते.

नेडरवार्डच्या संग्रहालयात शिरताना दोन दारे समोरासमोर का आहेत, ते पाहा. पाती जमिनीच्या अगदी जवळून फिरतात आणि माथा वाऱ्याच्या दिशेने वळवला की ती एखाद्या दारासमोर येतात. तेव्हा घरच्यांनी दुसऱ्या दाराने ये-जा करायची. होय, घरच्यांनी, कारण चक्कीवाल्याचे कुटुंब येथेच राहत असे. भिंतीतल्या कपाटासारख्या खणात बिछाना, शेजारी चूल आणि त्याच इमारतीत फिरणारा प्रचंड लाकडी आस: मुलांना सांभाळत त्या घरात संसार करणाऱ्या बाईचा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

पाणी उचलते ते चाक मात्र निवांतपणे पाहा. ते आपल्या रहाटासारखे दिसते, परंतु त्याला गाडगी नसतात. फळ्या पाणी पुढे ढकलत अरुंद चरातून वर चढवतात. अशा एका चाकाने पाणी साधारण दीड मीटरच चढते, म्हणून खोल पोल्डरांत, म्हणजे बांध घालून कोरड्या ठेवलेल्या सखल जमिनींत, पवनचक्क्या एकापुढे एक पायऱ्यांसारख्या बांधाव्या लागत. चाकाच्या पुढे एक लाकडी दार असते: चाक फिरताना ते पाण्याच्या रेट्याने उघडते आणि वारा पडून चाक थांबले की वरचे पाणीच त्याला मिटवते. गोव्याच्या खाजणांतले, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतांतले, मानस (पाण्याची दारे) ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही युक्ती चटकन ओळखू येईल. तेथेही भरतीचे पाणी दार लावते आणि ओहोटी ते उघडते.

वडिलांच्या गुडघ्यांबद्दल आपण लिहिले आहे. वरच्या मजल्यांवर जाणारे जिने शिडीइतके उभे आहेत, त्यामुळे त्यांनी खालच्या खोल्यांवर समाधान मानावे, त्यात फारसे काही निसटत नाही. वर कोणी जाणार असेल तर उतरताना तोंड जिन्याकडेच ठेवावे. बाकीच्या बहुतेक पवनचक्क्यांत आजही लोक राहतात, तेव्हा त्यांच्या अंगणात पाऊल टाकू नये.

रॉटरडॅमहून वॉटरबसने जाणेच सोयीचे. वारा चांगला असेल आणि एखादी चक्की चालू दिसली, तर प्रथम तिकडे जा: पुष्कळदा चक्कीवाला पात्याच्या जाळीवर चढून शीड पसरताना दिसतो, आणि वारा वाढला की तेच शीड गुंडाळायला तो पुन्हा वर चढतो.