बाभूळ परवडेल, पण हप्ता कुठून निघणार?

प्रश्न : सांगलीत कुपवाड एमआयडीसीजवळ माझी घरगुती खानावळ आहे. रोज चाळीसेक डबे जातात. महिन्याला १९ किलोचे ४ व्यावसायिक सिलिंडर लागतात, पोच १,९०० रुपयांना एक. आता मागच्या अंगणात चूल मांडायचा विचार आहे. इथे बाभूळ ८ रुपये किलो, पांढरा कोळसा (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या) ९, पेलेट (भुशाच्या दाबलेल्या बारीक गोळ्या) १४ आणि लोणारी कोळसा ३५ रुपये आहे. कोणतं जळण परवडेल? पेलेटवाले पंख्याची शेगडी १८ हजारांना देतात आणि वर्षाचे पैसे आधी भरले तर १० टक्के सूट देतो म्हणतात. गॅसचे पैसे वाचले की मिस्टरांच्या नावावरच्या बँकेतल्या योजनेचा दीड लाखाचा हप्ता भरायचा आहे. ती जास्त व्याजाची एफडी म्हणून घेतली होती. पहिल्या वर्षी ठेव मोडून भरले, दुसऱ्या वर्षी पतसंस्थेत दागिने ठेवून, १५ टक्क्यांनी. तिसरा हप्ता दोन महिन्यांवर आला आहे. १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी ३० लाख, म्हणजे दुप्पट मिळतील.

उत्तर : ताई, जळणाचं आधी उरकून घेऊ, ते सोपं आहे.

किलोचा भाव बघून जळण घेऊ नका. पातेल्यापर्यंत उष्णता किती पोचते, तिचा भाव काढा. तुमचे ४ सिलिंडर म्हणजे ७६ किलो गॅस, ७,६०० रुपये. एका किलोत सुमारे ११ हजार किलोकॅलरी, त्यातली ६० टक्के भांड्याला लागते असं धरू. म्हणजे महिन्याला ५ लाख किलोकॅलरी हवी. वाळलेल्या बाभळीत किलोला साडेतीन हजार असते, पण साध्या तीन दगडांच्या चुलीत त्यातली १५ टक्केही भांड्याला लागली तरी पुष्कळ. मग साडेनऊशे किलो लाकूड जाळावं लागेल, ७,६०० रुपयांचं. म्हणजे गॅसइतकंच, वर धूर आणि काजळीची भांडी फुकट. तेच लाकूड धुराड्याच्या चांगल्या सुधारित चुलीत जाळलं आणि २५ टक्के उष्णता मिळाली, तर पावणेसहाशे किलोत भागतं. ४,६०० रुपये. महिन्याला ३,००० वाचतात. पंख्याच्या शेगडीत पेलेट लावले तर ३६० किलो, ५,००० रुपये, बचत २,६००. शेगडीचे १८ हजार सात महिन्यांत फिटतात.

पांढरा कोळसा कागदावर बाभळीच्या जवळपास येतो, पण त्या जाड कांड्या बॉयलरसाठी असतात. घरच्या चुलीत फोडून घालाव्या लागतात आणि पेटायला रुसतात. त्यात भाताचं तूस असेल तर राख इतकी पडते की ती काढायलाच माणूस लागेल. लोणारी कोळसा महिन्याला दहा हजारांच्या घरात जातो, म्हणजे गॅसहून महाग, आणि बंद खोलीत त्याचा वायू जीव घेतो. तो विषय सोडा.

तेव्हा वाळलेली बाभूळ आणि सुधारित चूल, उघड्या अंगणात. जत-कवठेमहांकाळकडची वेडी बाभूळ मिळाली तरी चालेल. पण ‘वाळलेली’ हा शब्द वखारवाल्याच्या तोंडावर सोडू नका. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं आणि तुम्ही ते ८ रुपये किलोने विकत घेता. टोकांना चिरा पडलेलं, दोन ओंडके आपटले की ठणठणीत वाजणारं लाकूड घ्या, आणि पावसाळ्याचं जळण उन्हाळ्यातच छपराखाली रचा. एक सिलिंडर फोडणीसाठी आणि अडीनडीला राहू द्या.

पेलेटवाल्याला वर्षाचे पैसे आधी मुळीच देऊ नका. २००६ नंतर महाराष्ट्र-कर्नाटकात ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची शेगडी लाखो घरांत गेली होती. पुढे पेलेटला लागणारं बगॅस (उसाचं चिपाड) आणि शेंगांची टरफलं महागली, पेलेटचा भाव चढला आणि बहुतेक शेगड्या माळ्यावर गेल्या. पेलेट नाही मिळाले तर त्या शेगडीत दुसरं काही धड जळत नाही. शिवाय पावसाळी हवेत पेलेट ओल धरतात आणि भुसा होतात. वर्षाचा साठा तुम्ही कुठे ठेवणार?

झालं जळण. सगळं मनासारखं जमलं तर वर्षाला ३६ हजार वाचतील. तुमचा हप्ता दीड लाखाचा आहे. उरलेले १ लाख १४ हजार कुठून आणणार, हे पत्रात नाही. म्हणजे पुन्हा दागिने.

आत्ताच्या दीड लाखाच्या कर्जाचं व्याज वर्षाला साडेबावीस हजार, महिन्याला १,९००. तिसरा हप्ताही तसाच काढलात तर ते ३,७५० होईल. बाभळीने वाचवलेले ३,००० त्यात जाऊन वर खिशातले ७५० जातील. आणि हे कशासाठी? १५ लाखांचे २० वर्षांनी ३० लाख होणार म्हणून. हप्ते दहा वर्षांत विखुरलेले आहेत, म्हणजे पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. १५ टक्क्यांनी उचलायचे आणि साडेचार टक्क्यांनी ठेवायचे, हा व्यवहार तुमच्या खानावळीत डब्याच्या बाबतीत तुम्ही एक दिवस तरी चालू दिला असता का?

ती एफडी नाही, हे आता कळलंच असेल. एफडीला दुसरा हप्ता नसतो. ती विमा पॉलिसी आहे, आणि ती एफडी म्हणून विकणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, पण ती मुदत तुमची कधीच गेली.

‘आता सोडली तर भरलेलं बुडेल’ असं बँकेतला माणूस सांगेल. हिशेब करू. उरलेले ८ हप्ते, १२ लाख, पॉलिसीऐवजी पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी घातले आणि पुढे मुदत वाढवत नेली, तर पॉलिसी संपते त्याच वर्षी सुमारे ३३ लाख होतात. पॉलिसीतून ३० लाख. आणि यात सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मधेच मोडल्यावर परत मिळणारा, एक रुपयाही मिळाला नाही असं धरलंय. प्रत्यक्षात दोन हप्त्यांनंतर निदान ३० टक्के, म्हणजे ९० हजारांच्या आसपास मिळायला हवेत, कदाचित जास्त. ते आले की थेट पतसंस्थेत भरा. व्याज महिन्याला १,९०० वरून ७५० वर येईल, आणि राहिलेले ६० हजार बाभळीच्या बचतीतून दोनेक वर्षांत फिटतील. खऱ्या अर्थाने वाचलेला पैसा तिथे लागेल. पीपीएफ त्यानंतर, जमेल तेवढी.

विमा कंपनीला लेखी विचारा : आज सरेंडर केली तर किती, आणि पुढे न भरता पेड-अप ठेवली तर २० वर्षांनी किती. दोन्ही आकडे कागदावर घ्या, फोनवर नको. त्याच वेळी बँकेकडे आणि विमा कंपनीकडे फसवून विकल्याची तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा, फी लागत नाही. पण सही केलेल्या अर्जावर ‘१० वर्षं हप्ता’ छापलेलं असेल, त्यामुळे या तक्रारीच्या भरवशावर काही आखू नका. त्या वेळचे मेसेज असतील तर मात्र जपून ठेवा.

पॉलिसी बंद करण्याआधी मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा, घ्या. ५० लाखांचा, वय आणि तब्येतीप्रमाणे साधारण १० ते १५ हजारांत मिळावा. आरोग्य विम्याचा पत्रात उल्लेखच नाही, तो नसेल तर पीपीएफच्याही आधी.

आणि आजच एक काम करा. हप्ता खात्यातून आपोआप कापायची सूचना दिलेली असेल, तर बँकेत जाऊन ती बंद करा. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तेवढ्यात कंपनीचं उत्तर आलं पाहिजे.