आरती येते, मग पाणी का मागता येत नाही?

प्रश्न : बाबांना (वय ७१) पाच महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन ते तलावपाळीला थोडं फिरतात. हात मात्र उचलत नाही, बोलणं 'हां... ते... ते'च्या पुढे सरकत नाही. पण संध्याकाळची आरती अख्खी म्हणतात, सुरात! भाऊ म्हणतो, मुद्दाम बोलत नाहीत. खरं आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही, मुळीच नाही. भावाला हे बाबांच्या देखतच सांगा. बोलता येत नसलं तरी त्यांना बरंच समजत असणार.

हालचालीचे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या बुडाशी बाजू बदलतात, म्हणून इजा डावीकडे आणि हात लुळा उजवा. हात, चेहरा आणि बोलणं यांच्या जागा शेजारी-शेजारी, एकाच धमनीवर पोसलेल्या. पायाची जागा मेंदूच्या दोन अर्धांमधल्या फटीत, तिची धमनी वेगळी. पाय सुधारला नि हात मागे राहिला, तो बहुधा त्यामुळे.

१८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका या डॉक्टरांनी फक्त 'टॅन' एवढंच बोलू शकणारा रुग्ण पाहिला. विचारलेलं त्याला कळायचं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, पुढच्या भागात इजा सापडली.

आता आरती. नवं वाक्य जुळवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं पाठ असलेलं चालीवर म्हणणं वेगळं. चालीवर म्हणण्यात मेंदूच्या उजव्या अर्ध्याचाही हात असतो. स्पीच थेरपी करू लागले तेव्हा कळव्याचे एक निवृत्त कॅशियर माझ्याकडे यायचे. 'नातवंडं किती?' विचारलं की गप्प. मग बोटं मोजत 'एक, दोन, तीन', आणि तिथे थांबून माझ्याकडे बघायचे. आकडे आले म्हणजे बोलणं आलं, असं मला वाटलं होतं. चूक होती. आकड्यांची माळ येत होती, त्यातला एक मणी सुटा काढता येत नव्हता.

तुमच्या बाबांकडे चाल शाबूत आहे, तिथूनच सुरुवात करा. 'पाणी दे' हे दोन सुरांत म्हणा, त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरा, आधी तुमच्याबरोबर, मग एकट्याने. जमलं की चाल हळूहळू कमी करा. जवळच्या स्पीच थेरपिस्टकडून हे एकदा नीट शिकून घ्या. पाच महिने झाले म्हणून वेळ गेलेली नाही. त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका, दहा-पंधरा सेकंद थांबा. मोठ्याने बोलू नका, त्यांना ऐकू येतं. आणि तेवढा वेळ टीव्ही बंद.