वखारीतल्या त्या रात्री

प्रश्न : ताई, मी सांगलीचा. वय ३४, मार्केट यार्डात वडिलांच्या हळदीच्या अडत दुकानात असतो. २०१७ पासून तीन वर्षं दर जानेवारीत आम्ही पाच मित्र एका जुन्या वखारीत इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव भरवायचो. वरातीतला डीजे नव्हे. कुणी सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर घडवणारं वाद्य, आणायचं, कुणी ड्रम मशीन, कुणी कृष्णेच्या घाटावर टिपलेल्या आवाजांचंच संगीत करायचं. कलाकार पुण्याहून एसटीनं यायचे, आमच्या घरी भाकरी खायचे. खर्जाचा आवाज वाढला की वाशांवर साठलेली हळदीची धूळ खाली झरायची, पहाटे सगळ्यांचे केस पिवळे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यात आमचे स्पीकर आणि मिक्सर गेले. मग लॉकडाऊन लागला. मित्र पुण्याला, एक जर्मनीला. पुण्यातल्या मोठ्या महोत्सवांना जाऊन आलो, पण मन रमत नाही. बायको म्हणते, झालं ते झालं. मला मात्र जानेवारीत त्या रस्त्यानं जाववत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी माझ्या जुन्या खोलीत जाऊन पोचले. आकाशवाणी सांगलीत मी स्पूल टेपवर काम केलं आहे. टेप ब्लेडनं तिरपी कापायची आणि चिकटपट्टीनं जोडायची. एकदा पावसाच्या आवाजाचा वीतभर तुकडा माझ्या हातून उलटा जोडला गेला. ऐकते तर थेंब पडत नव्हता, कुठून तरी फुगत येऊन एकदम मिटत होता. ड्यूटी संपल्यावर मी तो किती वेळा ऐकला! त्यामुळे तुमच्या वखारीत काय चालत असेल ते मला कळतं.

हे आपलं संगीत नव्हे, असं तुम्हाला कुणी ऐकवलं असेलच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा सिंथेसायझर आला होता. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ड्रम मशीनच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. ती तबकडी तेव्हा फारशी कुणी विचारली नाही, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर नाव झालं. आणि तंबोरे घडवणारं मिरज तर तुमच्या शेजारीच. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे झणकार, लागली की खर्जाच्या एका तारेतून स्वरांचे पदर सुटत जातात. तुमचे मित्र सिंथेसायझरवरचं फिल्टरचं, म्हणजे आवाज गाळण्याचं, बटण हळूहळू फिरवतात ते असे पदर उलगडण्यासाठीच ना?

पुण्यात मन का रमत नाही, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तिथे तुम्ही तिकीट काढून जाता. वखारीत तुम्ही यजमान होता. पाहुण्याला स्टँडवरून आणायचं, जेवू घालायचं, केबल ओढायची, आणि मग भिंतीला टेकून ऐकायचं. तुम्हाला चुकल्यासारखं वाटतं ते या यजमानपणाचं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, पण मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गायक-वादक अजून त्यांच्या नावानं हजेरी लावतात. तिथेही कुणी तिकीट काढत नाही.

तेव्हा महोत्सव परत उभा करायच्या मागे लागू नका, निदान या वर्षी तरी नको. पंधरा माणसं बोलवा. एक सिंथेसायझर, मिरजेचा एक तंबोरा आणि जर्मनीतल्या मित्रानं आधी पाठवलेला एखादा तुकडा, एवढं पुरे. संध्याकाळी पाचला सुरू करा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि शेजाऱ्यांशी वाकडं घेऊन अशी गोष्ट टिकत नाही. बायकोलाही बोलवा. ती त्या वखारीत कधी आली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आली नसेल तर काय झालं आणि काय गेलं, हे तिला कसं कळावं?

पण त्याआधी एक काम करा, आणि ते याच आठवड्यात. त्या तीन वर्षांचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे ते शोधा. कुणाच्या जुन्या मोबाईलमध्ये असेल, कुणाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये. आवाज वाईट असला तरी पुसू देऊ नका. दोन प्रती करा, एक पुण्याच्या मित्राकडे द्या आणि एक तुमच्या घरी वरच्या मजल्यावर ठेवा. पहाटेचा, हळद झरत असतानाचा भाग सापडला तर मासिकाच्या पत्त्यावर मला जरूर पाठवा. मला तो ऐकायचा आहे.