शोभा कोण होती

प्रिय केतू,

परवा रात्री रेखामावशीचा व्हिडिओ कॉल आला आणि ती नेहमीसारखी "अगं ए शोभे!" म्हणून ओरडली. तू शेजारीच जेवत होतीस. फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "लग्नात त्यांनी तुझं नाव बदललं आणि तू बदलू दिलंस? काहीच बोलली नाहीस?" मी पोळी आणायला उठले. खरं तर 'बदलू दिलंस' हे लागलं. म्हणून लिहितेय. कुठे अडलं तर बाबांना विचार.

कराडचा प्रीतिसंगम तुला आठवतो ना? आजीबरोबर तिथे भेळ खाल्ली होतीस. कृष्णा आणि कोयना, दोघी महाबळेश्वरच्या. वेगवेगळ्या खोऱ्यांतून येतात आणि कराडला अगदी समोरासमोर भेटतात. शाळा सुटली की मी आणि रेखा घाटाच्या पायऱ्यांवर बसायचो. आठवीत असताना तिने एकदा विचारलं, "पुढे सांगलीला जाते ती नुसती कृष्णाच का गं? कोयनेचं पाणी पण आहे की त्यात." मी म्हटलं, असंच असतं. मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. रेखा पहिल्यापासून तशी, मी अशी.

माझं लग्न १९९८ च्या डिसेंबरात झालं. पुण्याच्या घरी माप ओलांडून आत गेले, लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरलेले होते. तुझ्या बाबांनी अंगठीने त्यात 'मानसी' लिहिलं आणि पेढे वाटले. नाव आत्याने सुचवलेलं. मला कोणी विचारलं नव्हतं. तसा कायदा वगैरे काही नाही, रीत होती. ती का होती हे मला तुला नीट पटवून देता येणार नाही, आणि मी तसा प्रयत्नही करणार नाही.

पण केतू, मला ते नाव आवडलं होतं. शोभा बारावीला पहिल्या वेळी नापास झाली होती. पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन बसायची, कारण निकालाचा विषय निघायचाच. मानसीचा निकाल त्या घरात कोणी विचारला नाही. मानसीने राहिलेलं बी.कॉम. पूर्ण केलं, स्कूटर शिकली आणि २००२ मध्ये दोन बॅगा घेऊन न्यू जर्सीत उतरली. तेव्हा वाटायचं, हे सगळं नव्या नावामुळे झालं. आता कधी कधी वाटतं, शोभाचा निकाल लोकांनी विसरायचं ठरवलं असतं, तर तिनेही केलं असतं. नक्की सांगता येत नाही.

रेखाने लग्नाआधीच सासरी सांगून टाकलं, तांदळात रेखाच लिहा. तसंच लिहिलं गेलं. त्याच दिवशी मंडपामागे मी तिला म्हटलं, "एवढ्यासाठी पहिल्याच दिवशी वाईटपणा कशाला घ्यायचा?" ती एवढंच म्हणाली, "तू तरी असं म्हणू नकोस." आणि आत गेली.

पुढच्याच महिन्यात तिने मला पुण्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं. पाकिटावर माझं माहेरचं नाव आणि आडनाव. पोस्टमन आला तेव्हा दार काकाने उघडलं. तो दहावीत होता आणि मला 'वहिनी' शिवाय दुसरी हाक मारत नव्हता. "इथे शोभा म्हणून कोणी राहत नाही," असं त्याने सांगितलं. तो खोटं बोलला नव्हता. पत्र परत गेलं. रेखाला वाटलं, मीच नाकारलं. वर्षभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ती घाटावर भेटली. तिने ते पाकीट तसंच बंद ठेवलं होतं. मी पायरीवर बसून फोडलं. आत चारच ओळी होत्या. शेवटची अशी: "तुला नवं नाव आवडलं असेल तर आनंदच आहे, फक्त मी तुला काय म्हणून हाक मारायची ते कळव." मी तिला म्हटलं, शोभाच म्हण. आई-अण्णा गेल्यापासून मला त्या नावाने हाक मारणारी तीच एक उरली आहे.

तू दहा वर्षांची असताना आपण पोकिप्सीला आनंदीबाई जोशींच्या समाधीपाशी गेलो होतो. कल्याणची यमुना, लग्नानंतर आनंदी झाली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, बावीस पूर्ण व्हायच्या आत, पुण्यात गेली. पत्रांतून मैत्री जुळलेल्या कार्पेंटरबाईंनी तिच्या अस्थींना आपल्या कुटुंबाच्या जागेत ठाव दिला. दगडावर 'आनंदीबाई' आहे, यमुना कुठेच नाही. तू तेव्हा विचारलं होतंस, "पण तिला कुठलं नाव आवडायचं?" त्या दिवशीही मी उत्तर दिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तू कॉलेजला जाशील. रूममेटच्या फॉर्मवर तू 'केट' लिहिलेलं मी पाहिलं. केतकी हे नाव आजीने ठेवलेलं, तिच्या परसातल्या केवड्यावरून, त्यामुळे पोटात कालवलं. मग तांदळाचं ताट डोळ्यांसमोर आलं. तुझं नाव निदान तुझ्या हाताने लिहिलं गेलंय. अनोळखी गावात जाऊन वेगळं होऊन बघावंसं वाटतं, ते मला कळतं गं. फक्त इथल्या मैत्रिणींना केतूच म्हणू दे... नाही, हेही मी सांगायला नको. तुझं तू बघ.

रविवारी सकाळी रेखामावशीचा फोन येईल. या वेळी तू उचल. शोभा आठवीत कशी होती ते तिला विचार. माझ्यापेक्षा तिला जास्त आठवतं.

तुझी,
आई